नास्तिकाच्या डोळ्यांतलें पाणी

एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. प्रश्न त्यांच्या घरचा आहे. परंतु तो आज पुष्कळ घरांचा आहे, म्हणून नांवगांव वगळून त्याचा विचार येथें करीत आहें. त्यांचा मुलगा शिकला, चांगल्या नोकरीस लागला, आणि देव नाहीं असें त्याचें मत झालें. तें त्यानें लपविलें नाहीं. संध्या, पूजा, उपवास सर्व सोडलें. मात्र घरांत कोणाची थट्टाहि केली नाहीं. आषाढी एकादशीला त्यांच्याकडे दरवर्षीं भजन असतें. यंदा मुलगा घरीं होता, म्हणून मागें भिंतीशीं येऊन बसला. रात्रीं उशिरां चोखोबांचा एक अभंग चालला असतां त्याच्या डोळ्यांना पाणी आलें. तें आजीनें पाहिलें, आणि सर्वांदेखत ती म्हणाली, "बघा, देव नाहीं म्हणतो, मग रडतोस कुणासाठीं रे?" मंडळी हंसली. मुलगा उठून गेला. पुढें गणपतींत तो आरतीला बाहेर आला नाहीं; टाळ वाजले कीं खोलीचें दार लावून घेतो. आजी मनांत झुरते आहे. भगिनी विचारतात: "त्याचे अश्रु खरे मानावे, कीं त्याचें मत खरें मानावें?"

ह्या प्रश्नाला घरोघर दोन उत्तरें तयार असतात. पहिलें आजीचें. डोळे खोटें बोलत नाहींत. तोंडानें कांहींहि म्हणो, अंतर्यामीं मुलगा आस्तिकच आहे. दुसरें उत्तर त्या मुलाच्या वयाच्या तर्कनिष्ठ मंडळींचें. लहानपणीं कानांवर पडलेल्या चालींची ही निव्वळ संवय आहे. बुद्धि मोकळी झाली, मन अजून व्हावयाचें आहे, दोनचार वर्षांत तेंहि होईल. हीं उत्तरें परस्परविरुद्ध दिसतात, पण दोहोंचा पाया एकच आहे. दोन्ही पक्ष अश्रूला साक्षीदार समजतात. एक म्हणतो, साक्षीदार खरा, तेव्हां मत खोटें. दुसरा म्हणतो, मत खरें, तेव्हां साक्षीदार भुललेला. ह्या खटल्यांत अश्रु हा साक्षीदारच नाहीं, असें मला म्हणावयाचें आहे.

आधीं एक गैरसमज दूर करूं. आपल्या घरांत नास्तिक निपजणें हें हल्लींच्या शिक्षणाचें फळ आहे, असें अनेकांस वाटतें. आगरकरांचा 'सुधारक' निघाला १८८८ सालीं; र. धों. कर्व्यांनीं 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविलें. म्हणजे देवाधर्माची निर्भीड चिकित्सा ह्याच समाजांत कित्येक पिढ्या चालत आली आहे. त्याहून मागें गेलों तर सांख्यांनीं ईश्वरावांचून सृष्टीची उपपत्ति लाविली, आणि वेदांचे कट्टर अभिमानी जे मीमांसक, त्यांनींहि जगाचा कर्ता म्हणून ईश्वर मानिला नाहीं. देवता म्हणजे मंत्रांतला शब्द, एवढ्यावर त्यांचें काम भागलें. तरीहि त्यांच्या यज्ञांत सामगान होतेंच, आणि कुमारिलभट्टानें 'श्लोकवार्तिका'चा आरंभ शिवाला वंदन करून केला. मीमांसक आजच्या अर्थानें अश्रद्ध नव्हता हें खरें. वेदावर त्याची श्रद्धा अढळ होती. पण जगाचा कर्ता मानणें ही एक गोष्ट आणि पवित्र स्वरापुढें नम्र होणें ही दुसरी, एवढा विवेक आपल्या परंपरेला नवा नाहीं.

आतां मूळ प्रश्न. काव्यानें आणि गाण्यानें डोळे कां भरतात, ह्याचा फार खोल विचार आपल्या साहित्यशास्त्रांत झालेला आहे. भरतमुनींनीं 'नाट्यशास्त्रां'त आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रु आणि प्रलय. ह्यांना सात्त्विक कां म्हणावयाचें? तर 'सत्त्व' म्हणजे मनाची समाहित, एकाग्र अवस्था, आणि तिच्यावांचून हे भाव प्रकट होत नाहींत. हें भरतानें कोणाविषयीं सांगितलें? नटाविषयीं. रंगभूमीवर रडणाऱ्या नटाचा मुलगा मेलेला नसतो. तरी मन एकाग्र झाल्यावांचून त्याला तो अश्रु आणतां येत नाहीं. म्हणजे अश्रु ही मन पूर्णपणें एका ठिकाणीं लागल्याची खूण आहे. तें मन कोणत्या सिद्धान्ताला मान्यता देतें, हें त्या खुणेवरून कळत नाहीं.

श्रोत्याचेंहि तसेंच आहे. 'शाकुंतला'चा चौथा अंक घ्या. दुर्वासाच्या शापानें राजाची स्मृति खरोखर नष्ट झाली असें अक्षरशः मानणारा वाचक आज किती सापडेल? तरीहि कण्व मुलीला निरोप देतो तेव्हां वाचकाचा गळा दाटतो. हा अंक मी वर्गांत शिकवीत असें, तेव्हां बांकांवर नाना धर्मांचीं मुलें बसलेलीं असत. निरोपाच्या प्रसंगीं जी शांतता पसरे ती सर्व बांकांवर सारखीच पसरे. भट्टनायकानें ह्याला 'साधारणीकरण' असें नांव दिलें, आणि सुमारें हजार वर्षांपूर्वीं काश्मीरांतील अभिनवगुप्तानें तो विचार आपल्या पद्धतीनें पुढें नेला. कण्वाचें दुःख कण्वाचें एकट्याचें राहत नाहीं. तें मुलगी सासरीं धाडणाऱ्या कोणाहि बापाचें होतें. जो त्यांत शिरूं शकतो तो 'सहृदय'. सहृदयाची व्याख्या करतांना त्याचा देवावर विश्वास आहे कीं नाहीं, हें कोणी विचारलेलें नाहीं.

येथें शास्त्र जाणणारा वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. अभिनवगुप्तानें रसास्वादाचीं सात विघ्नें सांगितलीं आहेत, आणि त्यांतलें पहिलेंच असें कीं, समोरची गोष्ट असंभाव्य वाटली तर रस उत्पन्न होत नाहीं. मग ज्याला देवच असंभाव्य वाटतो त्याला अभंगांत रस कसा यावा? उत्तर असें कीं, संभाव्य वाटावयास हवी ती अभंगांतील भावना. विटेवरचा देव ऐकतो कीं नाहीं, ह्याविषयीं मतभेद होईल. पण दारांत उभें राहून हांक मारणारा आणि उत्तर न मिळणारा माणूस असतो, ह्याविषयीं मतभेद कसा होईल? तो असंभाव्य वाटावा इतकें कोणाचेंच आयुष्य सुखांत गेलेलें नसतें.

आधुनिक शास्त्रानेंहि ह्या बाबतींत वेगळें कांहीं सांगितलेलें नाहीं. मॉन्ट्रिअलच्या मॅक्गिल विद्यापीठांत ॲन ब्लड आणि रॉबर्ट झटोरे ह्यांनीं २००१ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. आवडतें संगीत ऐकून ज्यांच्या अंगावर रोमांच येत अशा माणसांच्या मेंदूंतील रक्तप्रवाह त्यांनीं यंत्रानें पाहिला. अन्नासारख्या जीवनावश्यक सुखांच्या वेळीं मेंदूचीं जीं केंद्रें जागीं होतात, तींच ह्या रोमांचाच्या वेळीं जागीं झालेलीं आढळलीं. रोमांच हा देहाचा धर्म आहे; तो पंथ पाहून येत नाहीं.

आतां तर्कनिष्ठांच्या 'संवयी'कडे वळूं. बाळपणचा संस्कार असतो, हें कोण नाकारील? दिवेलागणीला आजीच्या मांडीवर ऐकलेली चाल पन्नासाव्या वर्षींहि काळजाला हात घालते. पण संस्कारानें लाभलें तें खोटें, हें कोठलें तर्कशास्त्र? मातृभाषाहि आपण बाळपणीं, न विचारतां, न निवडतां शिकलों. म्हणून ती कळणें हा भ्रम ठरत नाहीं. संस्कार म्हणजे ती भाषा कळण्याची पात्रता. त्या भाषेंत जें सांगितलें गेलें तें हृदयाला भिडलें, ही घटना त्यानंतरची आणि स्वतंत्र आहे.

आणि संस्कार नसलेल्यांचें काय? प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ सालीं निघाला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवांत त्याचा गौरव झाला. ज्यांच्या कानांवर लहानपणीं टाळमृदंग कधीं पडला नव्हता, अशा लोकांनीं तो गौरव केला. त्यांत संगीताचा वाटा किती, हें काढून दाखवितां येणार नाहीं. पण विष्णुपंत पागनिसांच्या तोंडचे अभंग वगळले तर त्या चित्रपटांत उरतें तरी काय? ह्याच चित्रपटाची आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. बीज आणि वृक्ष ह्यांच्या रूपकावर रचलेला त्यांतील सुप्रसिद्ध अभंग तुकोबांचा नाहीं. तो शांताराम आठवले ह्यांनीं चित्रपटासाठीं लिहिला. पुष्कळांनीं तो तुकोबांचाच समजून भक्तिभावानें म्हटला. त्यांचे डोळे भरले असतील ते लबाडीनें भरले काय? गाथेंत तो अभंग नाहीं हें कळल्यावर ते अश्रु मागें घ्यावयाचे काय?

रचणाऱ्यांकडे पाहिलें तर हेंच दिसतें. 'बैजू बावरा' (१९५२) ह्या चित्रपटांतील मालकंस रागांतलें हरिदर्शनाच्या ओढीचें भजन आपल्या घरांत अजून म्हणतात. तें लिहिलें शकील बदायुनींनीं, चाल लाविली नौशादांनीं आणि गाइलें महंमद रफींनीं. 'हम दोनों' (१९६१) ह्या चित्रपटांत ईश्वर आणि अल्ला एकच म्हणणारी जी प्रार्थना आहे, ती लिहिणारे साहिर लुधियानवी डाव्या, पुरोगामी विचारांचे कवि. तिकडे इटलींत जोसेप्पे व्हेर्दी ह्यानें मांझोनी ह्या थोर लेखकाच्या पहिल्या पुण्यतिथीसाठीं मृतात्म्याच्या शांतीची संपूर्ण चर्च-प्रार्थना स्वरबद्ध केली. २२ मे १८७४ रोजीं मिलानच्या चर्चमध्यें ती प्रथम गाइली गेली, आणि ती ऐकून आजहि लोक थरारतात. हा व्हेर्दी श्रद्धाळू नव्हे, अशी त्याच्या पत्नीचीच साक्ष आहे. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे हा पाद्र्याचा मुलगा. पुढें ख्रिस्ती धर्मावर त्याच्याइतकी कठोर टीका क्वचितच कोणी केली असेल. त्यानें १८७० सालीं बाझलहून मित्राला कळविलें कीं, बाखचें 'सेंट मॅथ्यू पॅशन' आपण एका आठवड्यांत तीनदां ऐकलें. ज्याचा धर्म सुटला आहे त्यालाहि तें संगीत शुभवार्तेसारखें ऐकूं येतें, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे. तो त्यामुळें चर्चकडे परतला नाहीं. आणि परतला नाहीं म्हणून त्याचें तें ऐकणें खोटें ठरलें नाहीं.

पत्रांतल्या मुलाला पाणी आलें तें चोखोबांच्या अभंगाला, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. ज्याच्या भक्तीला तोड नव्हती त्याला जन्माच्या कारणानें देवळांत पाऊल टाकतां आलें नाहीं. त्याची समाधि पंढरपुरांत महाद्वाराशीं, नामदेवाच्या पायरीपाशीं आहे. तें देऊळ अस्पृश्य म्हटलेल्यांना उघडलें १९४७ सालीं, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मध्यें सहा शतकें गेलीं. हा इतिहास ठाऊक असलेल्या तरुणाला चोखोबांची आर्त हांक ऐकून रडूं आलें, तर तो देवासाठीं रडला असेल असें कशावरून? बाहेर उभ्या केलेल्या माणसासाठीं रडला असेल. आणि खरें सांगावयाचें तर आंत बसून अभंग ऐकणाऱ्या आम्हां लोकांच्या डोळ्यांना ह्या कारणानें पाणी यावयास हवें होतें, तें फार उशिरां आलें. इरावती कर्वे पालखीबरोबर पंढरीला चालत गेल्या, त्याचें वर्णन 'वाटचाल' ह्या त्यांच्या लेखांत आहे. वारीनें त्या भारावल्या. पण एकाच दिंडींत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत निराळी बसते, हेंहि त्यांनीं पाहिलें आणि त्याची खंत लिहून ठेविली. हृदय भरून येणें आणि बुद्धि जागी असणें हीं एकाच माणसांत एका वेळीं नांदूं शकतात, ह्याचा हा आपल्या घरचा दाखला.

जनाबाईच्या ओव्यांतहि तेंच. दळण, कांडण, एकटेपण, आणि कामाला कोणीतरी हात लावावा ही आस. हें समजण्यासाठीं पंचांग लागत नाहीं. त्यावर ओवी-अभंगाची ती साधी मोजकी लय, पखवाजाचा ठेका, पुनःपुन्हा परतणारें ध्रुवपद, आणि वीस-पंचवीस गळ्यांचा एक सूर. एकटा माणूस ज्या दुःखाला तोंड उघडूं धजत नाहीं, तें दुःख तेथें सर्वांच्या तोंडून एकदम बाहेर पडतें. तेथें डोळे कोरडे राहिले तरच आश्चर्य.

म्हणजे आस्तिकाला आणि नास्तिकाला एकच लाभतें काय? तसें मी म्हणणार नाहीं. आपल्या शास्त्रांत ह्यावरहि वाद झाला आहे. मम्मटानें देवाविषयींच्या प्रीतीला 'भाव' म्हटलें, रसाचा दर्जा दिला नाहीं. उलट रूप गोस्वामींनीं 'भक्तिरसामृतसिंधु' ह्या १५४१ सालच्या ग्रंथांत भक्ति हाच मुख्य रस ठरविला, आणि अद्वैती मधुसूदन सरस्वतींनींहि भक्तीचें रसत्व मांडिलें. पण तो रस भक्ताचा. त्याला आधीं भक्ति हवी. नास्तिकाला अभंगांतून करुण मिळेल, शांत मिळेल, अद्भुत मिळेल, वात्सल्य मिळेल. भक्त मात्र कोणाशीं तरी बोलत असतो. नास्तिक तें बोलणें शेजारीं बसून ऐकतो. भजन संपल्यावर एकजण देवाला बरोबर घेऊन उठतो, दुसरा गाण्याला. हा भेद खरा आहे, आणि तो पुसून टाकण्यांत दोघांचाहि अपमान आहे. आजीनें तो आपल्या बाजूनें पुसला, म्हणून मुलगा दुखावला.

अभिनवगुप्ताच्या सात विघ्नांत आणखी एक असें आहे कीं, ऐकणारा आपल्याच सुखदुःखांत गुरफटला तर रस तुटतो. 'लोक माझ्याकडे पाहताहेत, माझ्या डोळ्यांवरून माझा निकाल लावताहेत' असें ज्याच्या मनांत आलें त्याचें ऐकणें तेथेंच संपलें. आजीचा हेतु प्रेमाचा होता, ह्यांत शंका नाहीं. नातू परत आपल्या देवाकडे आला असें तिला वाटलें आणि हर्ष तोंडावाटे बाहेर पडला. पण त्या एका वाक्यानें रसभंग झाला तो आजतागायत.

आतां एक गोष्ट आम्हां श्रद्धावंतांसाठीं. नास्तिकाचा अश्रु जर आस्तिक्याची पावती नव्हे, तर आपला अश्रु तरी आपल्या भक्तीची पावती कशावरून? भीमसेनांचा षड्ज लागला कीं आपलेहि डोळे भरतात, आणि 'आज देव भेटला' असें म्हणत आपण घरीं येतों. दुसऱ्या दिवशीं मोलकरणीचे दोन दिवसांचे पैसे कापतांना, भावाशीं वाटणीचा वाद घालतांना, तो भेटलेला देव कोठें असतो? स्वर आपल्याला हलवितो, आणि हललों म्हणजे भक्त झालों असें आपण समजतों. ही फसगत नास्तिकाच्या वांट्याला येत नाहीं, कारण त्याला आपलें हलणें कशाच्याहि खात्यावर जमा करावयाचें नसतें. संतांनीं तर पुनःपुन्हा वरपांगी भक्तीवर कोरडे ओढले आणि माणसाची पारख त्याच्या वागण्यावरून करावयास सांगितली. ती कसोटी लाविली तर कोणाच्या घरांत किती आस्तिक आहेत, हें भजनाच्या रात्रीं कळणार नाहीं, सकाळीं कळेल.

तेव्हां भगिनींना माझें उत्तर असें. अश्रुहि खरे माना आणि मतहि खरें माना. दोहोंत भांडण नाहीं. सासूबाईंना समजावणें अवघड नाहीं. त्यांना एवढेंच सांगा कीं, नातवाच्या ठिकाणीं दुसऱ्याच्या दुःखानें द्रवणारें अंतःकरण आहे, आणि तें त्यांच्याच मांडीवर घडलें. ही कमाई कांहीं लहान नाहीं. पुढच्या भजनाला त्याला बोलवावें तें टाळ धरावयाला, तीर्थ घेतो कीं नाहीं हें पाहावयाला नव्हे. तो आला तर कोणी त्याच्या तोंडाकडे पाहूं नये. आणि मुलालाहि सांगा कीं, आजीनें चारचौघांत बोलूं नये तें बोलली, हें खरें. पण एका वाक्यासाठीं इतक्या वर्षांचें गाणें दाराबाहेर ठेवणें हें तर्काला धरून नाहीं. जें आपल्याला भिडतें त्याला भिणें हा बुद्धिवाद नव्हे. न मानतां हात जोडूं नयेत, तसेंच भिडलें असतां न भिडल्याचा आवहि आणूं नये. दोन्हींत सारखाच खोटेपणा आहे.

असो. कार्तिकी एकादशी जवळ आली आहे. घरोघर टाळ उतरविले जातील. मागच्या भिंतीशीं बसणाऱ्यांसाठीं एक सतरंजी जास्त अंथरावी, आणि दिवे थोडे मंद ठेवावेत.